अश्वहृदय

व्यसनातून अथवा एखाद्या दारुण आघातातून सावरू पाहणाऱ्या मनुष्याला घोड्याच्या सहवासात ठेवावे, त्याच्या हातून घोड्याला खरारा करवावा, चंदी देववावी, दोर हाती देऊन त्याला रिंगणातून चालवीत आणावयास सांगावे, आणि या साध्या कामांच्या ओघात त्या मनुष्याच्या मनातील गाठी कोठे आवळतात व कोठे सैल होतात याकडे मानसोपचारतज्ज्ञाने बाजूस उभे राहून लक्ष द्यावे, अशी एक उपचारपद्धती गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली असून आपल्याकडेही तिचे नाव आता ऐकू येऊ लागले आहे. तिच्यात पुष्कळदा घोड्यावर बसणेसुद्धा नसते. रुग्ण जमिनीवर उभा आणि घोडा त्याच्या समोर, एवढाच तो प्रकार. तिची उपयुक्तता तोलण्याचे काम वैद्यांचे आहे व ते त्यांनीच करावे. परंतु तिच्या पोटात धर्मविचाराचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मात्र वैद्यांच्या हवाली करून आपल्याला मोकळे होता येणार नाही. ज्या जीवाला आपल्या पापाची वार्ता नाही, पश्चात्ताप म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, ज्याने कधी व्रत घेतले नाही आणि मोडलेही नाही, तो जीव मनुष्याला त्याच्या बंधनातून सोडवू शकतो काय? आणि सोडवू शकत असेल, तर ही सेवा त्याच्याकडून करवून घेण्याची सनद आपल्याला कोणी दिली?

हा प्रश्न सुरतेच्या संदर्भात विचारण्यास विशेष औचित्य आहे. सुरत म्हटले की मराठी मनुष्याला १६६४ चा जानेवारी आणि १६७० चा ऑक्टोबर आठवतो, आणि त्या आठवणीत टापांचा आवाज असतोच. आज त्याच शहरात उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे यंत्रमागांच्या खडखडाटात आपला संसार मांडून आहेत, आणि दारूबंदीच्या राज्यातही व्यसनाला वाट सापडते हे त्यांतील अनेक घरांतील बायकांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. मला येथे सुरतेच्या ज्या दोन गोष्टी अभिप्रेत आहेत त्या मात्र लुटीच्याही नाहीत आणि मागांच्याही नाहीत. त्यांपैकी एक आख्यानाची आहे आणि दुसरी रुग्णालयाची.

गुजरातीतील थोर आख्यानकवी प्रेमानंद याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपले ‘नळाख्यान’ सुरतेत आरंभिले व नंदुरबारात पूर्ण केले, असे सांगतात. म्हणजे ज्या तापीच्या खोऱ्याने आजचे खानदेशी कुटुंब पोटासाठी पश्चिमेकडे उतरते, त्याच खोऱ्याने ते काव्य उलट दिशेने वर चढले. मराठी वाचकाला नळराजा रघुनाथ पंडितांमुळे जवळचा झाला. पण पंडितांचे मन हंसात आणि स्वयंवरात रमले, आणि त्यामुळे असे झाले की नळाच्या चरित्रातील तबेल्याचा भाग आपल्या स्मरणात फिकाच राहिला. वास्तविक महाभारताच्या वनपर्वातील मूळ कथा वाचावी तर तिचे सारे मर्म तबेल्यातच आहे. पायांच्या शुद्धीत राहिलेली एक क्षुल्लक उणीव साधून कली नळाच्या शरीरात शिरतो. त्यानंतर भाऊ पुष्कर याच्याशी मांडलेला द्यूताचा डाव महिनेच्या महिने चालतो. प्रजाजन दाराशी येऊन उभे राहतात, दमयंती विनविते, आणि राजा मान वर करून पाहतसुद्धा नाही. व्यसनाचे याहून नेमके चित्र कोणत्याही वैद्यकग्रंथात सापडणार नाही. राज्य जाते, अंगावरचे वस्त्र जाते, आणि शेवटी अरण्यात निजलेल्या पत्नीला तो टाकून जातो. ज्या कृत्याची आठवण मनुष्याला पुढे आयुष्यभर पुरते असे हे कृत्य आहे. मग कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचे रूप पालटते, आणि बाहुक असे नाव धारण करून तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे अश्वशाळेचा अधिकारी म्हणून चाकरीला राहतो.

व्यासांनी या पतित राजाला ऋषीच्या आश्रमात का पाठविले नाही? तीर्थयात्रेला का धाडले नाही? वनपर्वात तीर्थांची तर रेलचेल आहे. मला वाटते, ज्याला आपले तोंड कोणाला दाखवू नये असे झाले आहे त्याला क्षमाशील मनुष्याचीही नजर सोसत नाही, कारण क्षमा करणारा अपराध जाणतो. आणि घोड्याला बाहुक हा निषधदेशाचा भ्रष्ट राजा आहे हे ठाऊक नव्हते, जाणून घेण्याची त्याला इच्छाही नव्हती. त्याला वेळेवर चंदी हवी होती, पाणी हवे होते, खुरांत अडकलेला खडा काढून हवा होता. जो मनुष्य आपल्या माणसांच्या उपयोगी पडला नाही, तो येथे दररोज सकाळी कोणाच्या तरी उपयोगी पडू लागला. ऑस्लोच्या विद्यापीठ-रुग्णालयाने तबेल्यात येणाऱ्या तरुण व्यसनी रुग्णांविषयी २०१५ साली जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात हे रुग्ण इतरांच्या मानाने उपचार अर्ध्यावर टाकून कमी प्रमाणात निघून गेल्याचे आढळले. कोणीतरी आपली वाट पाहत दाव्याला उभे आहे, हे ज्ञान सकाळी अंथरुणातून उठण्यास कित्येकदा उपदेशापेक्षा अधिक कामास येत असावे.

परंतु कथेचा न्याय येथेच पुरा होत नाही, आणि अश्वोपचाराच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी पुढचा भाग अवश्य वाचावा. पहिली गोष्ट अशी की नळ हा अश्वविद्येत निष्णात होता तो व्यसनात पडण्याच्या आधीपासूनच. घोड्याचे अंतःकरण जाणणारा हा राजा फाशांपासून वाचला नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. विदर्भाच्या वाटेवर रथ धावत असता ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडावरची पाने-फळे नजरेने मोजून दाखवितो, बाहुक रथ थांबवून ती प्रत्यक्ष पडताळून पाहतो, आणि मग राजा त्याला फाशांचे रहस्य, अक्षहृदय, देतो. मोबदल्यात मिळावयाचे घोड्यांचे रहस्य, अश्वहृदय, मात्र तूर्त बाहुकापाशीच ठेव म्हणून राहू देतो. अक्षहृदय प्राप्त होताच कली विष ओकत नळाच्या शरीरातून बाहेर पडतो आणि त्याच बेहड्याच्या झाडात शिरतो, ज्याच्या फळांचे वैदिक काळी फासे करीत असत. तेव्हा घोड्यांच्या सहवासाने नळ जगला, सावरला, पुन्हा विश्वासास पात्र झाला. पण कली गेला तो फाशांचे मर्म कळल्यावर. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात उभारलेल्या मुक्तांगणासारख्या केंद्रांत स्वतःच्या व्यसनाकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्यावर जो भर असतो, तो या दुसऱ्या विद्येचा प्रांत होय. तबेला ही तिची पूर्वतयारी होऊ शकेल. तिची जागा त्याने घेऊ नये.

आता आपल्या अध्यात्मग्रंथांतील घोडा पाहावा तर तो याहून अगदी वेगळा आहे. कठोपनिषदाने शरीराला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे ठरविले, आणि तेव्हापासून घोडा हा आपल्या विचारात आवरून धरण्याची वस्तू होऊन बसला. बौद्धांच्या अंगुत्तरनिकायात केसी नावाच्या अश्वशिक्षकाचे एक सूत्र आहे: मी काही घोड्यांना मृदूपणाने वळवितो, काहींना कठोरपणाने, काहींना दोन्ही मार्गांनी, आणि जो कशानेच वळत नाही त्याला ठार करतो, म्हणजे माझ्या गुरुकुळाला बोल लागत नाही, असे तो भगवान बुद्धांना सांगतो. बुद्ध म्हणतात, मीही माणसांना असेच वळवितो, आणि न वळणाऱ्याला मीही मारतो. केसी चकित होतो, तेव्हा उलगडा होतो की ज्याला उपदेश करणेच सोडून दिले, तो धर्माच्या दृष्टीने मेलाच. सूत्र मोठे मार्मिक आहे, यात संशय नाही. तरी ते वाचताना माझे लक्ष प्रत्येक वेळी त्या चौथ्या घोड्याकडे जाते, जो दृष्टांतात मेला नाही, खरोखर मेला. गुरुकुळाची अब्रू राहिली, दृष्टांतही जमला. त्या घोड्याचे काय झाले हे विचारण्याचे कोणाला कारण पडले नाही.

भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने चोवीस गुरू सांगितले. त्यांत कबुतर आहे, अजगर आहे, कोळी आहे. हरीण नादाने, हत्ती स्पर्शाने, मासा जिभेने, पतंग रूपाने कसा नाश पावतो हे तेथे सांगितले आहे, म्हणजे ती एका अर्थी व्यसनाधीनांचीच नामावळी झाली. तिच्यात घोडा नाही. गंमत अशी की ज्या दत्तात्रेयाशी ही परंपरा आपण जोडतो, त्याच्याच जयंतीला तापीकाठी सारंगखेड्यास जी यात्रा भरते ती घोड्यांच्या बाजाराकरिता सगळ्या पश्चिम हिंदुस्थानात नावाजलेली आहे. देवाच्या दारात हजार घोडे विकावयास उभे, आणि गुरूंच्या यादीत एकही नाही! अवधूताला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्याचे प्राणी दुरून पाहून शिकण्यासारखे होते. घोडा दुरून काही शिकवीत नाही. त्याच्या जवळ जावे लागते, आणि जवळ जाताच आपण कसे जातो हे त्याला आपल्याआधी कळते.

या जाणिवेमुळेच पुरस्कर्ते म्हणतात की घोडा हा मनुष्याच्या मनाचा आरसा आहे. मला हे विधान मान्य नाही, आणि ते केवळ चुकीचे नव्हे तर थोडे आत्मलुब्धही वाटते. आरशाला स्वतःचे काही नसते. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे पाठीमागचा थोडासा पट्टा सोडला तर जवळजवळ चहूकडचे त्याला दिसते. कान स्वतंत्रपणे फिरतात. चारपाचशे किलो वजनाचे हे धिप्पाड जनावर वाऱ्याने उडालेल्या कागदाने बिथरते, कारण त्याच्या पूर्वजांत जे बिथरले नाहीत त्यांचा वंश राहिला नाही. त्याने तुमचा श्वास, तुमच्या खांद्यांची ठेवण, तुमच्या पावलातील घाई टिपली ती तुम्हाला तुमचे रूप दाखविण्यासाठी नव्हे; येथे उभे राहावे की पळावे, एवढाच त्याचा प्रश्न असतो. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली घोड्यांना अनोळखी माणसाच्या रागीट व प्रसन्न चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली, तेव्हा रागीट चेहऱ्याकडे ते अधिक करून डाव्या डोळ्याने पाहू लागले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर चढले. तो राग त्यांनी परावर्तित केला नाही, त्याचे त्यांना भय वाटले.

आणि नेमके येथेच आघातग्रस्त मनुष्याचे त्याच्याशी खरे नाते जुळते. ज्याच्यावर अत्याचार झाला आहे, ज्याने युद्ध किंवा दंगल पाहिली आहे, तापीच्या २००६ सालच्या पुरासारख्या एखाद्या रात्री ज्याच्या घरात पाणी शिरले आहे, तोही पाठीमागच्या आवाजाला दचकतो, दाराकडे तोंड करून बसतो, झोपेतही पहाऱ्यावर असतो. लोक त्याला समजावितात की आता भिण्याचे कारण उरलेले नाही. घोडा असे समजावीत नाही. भय ही त्याच्या लेखी विकृती नसून जगण्याची रीत आहे. पण ती रीत असूनही, धोका टळला की तो मान खाली घालून पुन्हा गवत खाऊ लागतो, आणि ही दुसरी गोष्ट मनुष्य विसरून गेलेला असतो. अशा दोन भित्र्या जीवांपैकी एकाने दुसऱ्याजवळ उभे राहण्यास संमती द्यावी, हे त्या उपचारातले सार आहे असे मला दिसते. ती संमती मिळविण्यासाठी मनुष्याला आपला श्वास संथ करावा लागतो, हात सैल सोडावे लागतात, आणि घोड्याकडून काहीही हवे असल्याची निकड काही क्षण तरी बाजूला ठेवावी लागते. प्राणायामाच्या शिक्षकाला वर्षभर जे साधत नाही ते कधी कधी येथे एका दुपारी साधत असेल.

पुराव्याविषयी मात्र सावध राहावे. कोलंबिया विद्यापीठाने ६३ निवृत्त सैनिकांवर आठ साप्ताहिक बैठकांचा प्रयोग करून २०२१ साली त्याचा वृत्तांत दिला. पुष्कळांची पीडा बरीच हलकी झाली होती, परंतु तुलनेसाठी दुसरा गट ठेवलेला नव्हता. ऑस्लोच्या पाहणीतही ज्यांना घोड्यांची मुळात आवड तेच तबेल्याकडे वळले असतील, ही शंका राहतेच. २०१४ साली झालेल्या एका समीक्षेने तर अशा उपचारांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही असा रोखठोक निकाल दिला होता. हे वाचून मी निराश होत नाही. ज्या उपचाराचा गाभा दुसऱ्या जीवाच्या मर्जीवर अवलंबून आहे, तो मापात सहजी बसू नये, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

मर्जीचा विषय निघाला म्हणून आता सुरतेच्या रुग्णालयाकडे वळतो. १६८९ साली या बंदरात आलेला जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री आणि त्यानंतर अठराव्या शतकात येथे राहून गेलेला जेम्स फोर्ब्स, या दोघांनीही वाण्यांनी चालविलेल्या जनावरांच्या इस्पितळाचे वर्णन करून ठेवले आहे. फोर्ब्सच्या वृत्तांताप्रमाणे १७७२ साली उंच भिंतींच्या त्या आवारात घोडे, खेचरे, बैल, मेंढ्या, माकडे, कोंबड्या, कबुतरे होती, आणि पंचाहत्तर वर्षे तेथेच राहिलेले एक वृद्ध कासवही होते. पाय मोडलेला किंवा वयाने निकामी झालेला घोडा मालकाने तेथे आणून सोडावा. मालक कोणत्या जातीचा अथवा धर्माचा याची चौकशी होत नसे. खर्च महाजनांकडून चाले, आणि गुजरातेतील अशा पांजरपोळांचा मुख्य आधार म्हणजे व्यापाराच्या उलाढालीवर व्यापाऱ्यांनी आपखुशीने बसविलेला लागा, म्हणजे कापसाच्या किंवा धान्याच्या व्यवहारामागे बाजूला काढलेली अल्पशी रक्कम. युरोपीय प्रवाशांना हे सारे विक्षिप्त वाटले, आणि त्यांनी विशेष चवीने सांगितली ती ढेकूण-पिसवांच्या कोठडीची हकिकत: त्या कीटकांनाही आहार मिळावा म्हणून एखाद्या गरीब मनुष्याला पैसे देऊन एक रात्र तेथे निजविण्यात येई, आणि ओव्हिंग्टन म्हणतो की दंश असह्य होऊन त्याने मध्येच पळू नये म्हणून त्याला बाजेला बांधीत असत.

ही हकिकत अतिरंजित असेल असे म्हणून तिच्यावरून पुढे जाता येते, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण तसे जातातही. मला ती आपल्या प्रश्नाची किल्ली वाटते. येथे कीटकांच्या हिताकरिता मनुष्य साधन झाला, आणि आपल्याला ते ऐकून शिसारी येते. अश्वोपचारात मनुष्याच्या हिताकरिता घोडा साधन होतो, आणि आपले अंतःकरण भरून येते. भेद कोठे आहे? त्या दरिद्री मनुष्याला निदान मजुरी ठरवून मिळाली होती, आणि बाजेला बांधले जाण्यापूर्वी ‘नाही’ म्हणण्याची मुभा होती, मग उपाशी पोटाची ती मुभा कितीही पोकळ असो. घोड्याला मजुरी नाही. त्याला ‘नाही’ म्हणता येते ते कान मागे पाडून, शेपटी झटकून, अंग काढून घेऊन. पण ज्याची बैठक ताशी दराने ठरलेली आहे तो चालक ते ‘नाही’ किती वेळा ऐकेल, हा प्रश्न आहे. दिवसाकाठी पाच-सहा दुःखी माणसे ज्याच्या गळ्यात पडून रडतात, त्या घोड्याला हे ओझे वाटत असेल किंवा नसेलही; परंतु ज्या क्षणी त्याच्या अनिच्छेला मान देणे बंद होते, त्या क्षणी उपचाराचे जे बीज होते, म्हणजे स्वतंत्र जीवाने मोकळेपणाने दिलेली संमती, तेच नष्ट होते. घोडा औषध आहे असे मानून त्याला वापरावयास घेतले की तो औषध राहत नाही. या पद्धतीतील नीतीचा प्रश्न आणि गुणाचा प्रश्न असे एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि म्हणूनच तो वैद्यांच्या हवाली करून भागत नाही असे मी आरंभी म्हटले.

पांजरपोळाचीही एक उणीव आहे, ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. तेथे जीव राखला जातो. जीवाशी नाते जोडले जातेच असे नाही. हिंसा न करणे आणि कोणाचा तरी होणे यांत अंतर आहे, आणि गर्दीने भरलेल्या अनेक पांजरपोळांत जनावरे मरेपर्यंत नुसती उभी असतात, अशी टीका होत आलेली आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जीवांचे कार्य परस्परांच्या उपयोगी पडणे हे सांगितले आहे. त्या दृष्टीने पाहिले तर पांजरपोळात उपकार एका दिशेने वाहतो आणि उपचाराच्या रिंगणात दुसऱ्या दिशेने.

दोन्ही दिशा एकत्र आलेल्या पाहावयाच्या तर सुरतेच्या पूर्वेस, आज ज्याचा काही भाग तापी जिल्ह्यात मोडतो त्या आदिवासी मुलखात जावे. तेथील चौधरी, गामीत आदी समाजांत आजार बरा व्हावा, अरिष्ट टळावे म्हणून नवस करतात, आणि तो फळला की कुंभाराकडून मातीचा घोडा घडवून आणून देवाच्या थानी ठेवतात. वालोडचे चित्रकार हकू शाह यांनी या मृण्मय अश्वांचा आयुष्यभर अभ्यास केला. पावसात ते घोडे विरघळतात, फुटतात, आणि कोणी ते दुरुस्त करीत नाही, कारण दिलेले दान परत जतन करावयाचे नसते. हा व्यवहार शहरी उपचाराच्या अगदी उलट आहे. तेथे मनुष्य बरा होण्यासाठी घोडा घेतो. येथे बरा झाल्यावर घोडा देतो. याच मुलखात १९२२ च्या अखेरीस सालाबाई नावाची देवी लोकांच्या अंगात आली आणि दारू-ताडी सोडा असे बोलली, आणि गावेच्या गावे, काही काळ तरी, खरोखर कोरडी झाली. व्यसनमुक्तीच्या या चळवळीत घोडाही नव्हता आणि वैद्यही नव्हता. मनुष्याला सोडविणारी शक्ती त्याच्या स्वतःच्या इच्छेच्या बाहेरून यावी लागते, एवढे मात्र तिच्यातही होते. आणि ती शक्ती आली की तिचे देणे द्यावे लागते, हे त्या भोळ्या म्हणविल्या जाणाऱ्या लोकांना पक्के ठाऊक होते.

देण्याची ही भाषा आपल्या मराठी परंपरेलाही अपरिचित नाही. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी १६७३ च्या सुमारास धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत आताच बेपर्वाईने उडविले तर ऐन पावसात घोडी उपाशी मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारिली असे होईल, असा त्याचा आशय आहे. ज्या स्वाऱ्यांच्या जोरावर राज्य उभे राहिले, त्यांच्या घोड्यांचा मृत्यू दैवाच्या खाती न टाकता अधिकाऱ्याच्या खाती टाकणारा हा हिशेब मला कित्येक अहिंसाप्रवचनांहून अधिक धर्म्य वाटतो. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे आणि बारगिराचा सरकारचा. उपचाराला येणारा प्रत्येक रुग्ण हा बारगीरच म्हटला पाहिजे, आणि बारगिराच्या घोड्याची जबाबदारी सरकारला, म्हणजे येथे ती संस्था चालविणाऱ्याला, टाळता येत नाही.

म्हणून जो कोणी सुरतेत किंवा अन्यत्र अशी संस्था काढील, त्याने महाजनांचा तो जुना लागा पुन्हा सुरू करावा: प्रत्येक बैठकीच्या शुल्कातून ठराविक रक्कम त्या त्या घोड्याच्या नावे वेगळी जमा व्हावी, आणि तो थकल्यावर मरेपर्यंतची चंदी, नालबंद व वैद्य यांचा खर्च तीतून चालावा. घोड्याने अंग काढून घेतले तर बैठक तेथेच संपावी आणि रुग्णाला त्याचे कारण सांगावे. मला वाटते, ज्याच्या ‘नाही’ला कधी कोणी मान दिला नाही अशा रुग्णाला दुसऱ्याच्या ‘नाही’ला मान मिळताना पाहणे लाभेल तेवढे दुसरे काही लाभणार नाही. या विषयावर बोलताना एका स्नेह्यांनी अशी सूचना केली की पांजरपोळातील निवृत्त घोडेच उपचारासाठी घ्यावेत, म्हणजे जनावरांनाही विरंगुळा आणि खर्चातही बचत. सूचना व्यवहारी आहे, परंतु मी तिला अर्धीच संमती देतो. रुग्णांना तेथे अवश्य न्यावे. त्यांनी गवताचे भारे वाहावेत, पाणी शेंदावे, जखमा धुवाव्यात, लीद काढावी. पण या घोड्यांची चाकरी पूर्वीच भरून पावलेली आहे. त्यांनी जवळ यावे, उभे राहावे, कोणाला बरे करावे, अशी एकही अपेक्षा त्यांच्या नावावर लिहिली जाऊ नये, आणि एखादा घोडा सबंध वर्षभर पाठ फिरवून उभा राहिला तरी त्याची चंदी कमी होऊ नये.